पूल सोडून, पाण्यातून

धान कापून झालं की आमच्या मास्तरांच्या पायाला भिंगरी लागते. ही भिंगरी बसल्या जागीच फिरते, हे तिचं वैशिष्ट्य. मास्तर म्हणजे माझे यजमान. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला, आता निवृत्त आहेत, आणि दर हिवाळ्यात एका मोठ्या सहलीची योजना आखतात. जमिनीवर नकाशा पसरतात, चारी कोपऱ्यांवर वाट्या ठेवतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि बोटाने फिरायला लागतात. केरळ झालं, राजस्थान झालं, एकदा तर भूतानसुद्धा होऊन आलं. चहा गार होतो, उन्हं कलतात, मग मास्तर भूतानहून परत येतात, नकाशाची घडी घालतात आणि आज भाजी कसली म्हणून विचारतात. मी कधी सामान भरायच्या फंदात पडले नाही.

काल पुन्हा तो नकाशा बाहेर आला. मी मागचं दार उघडून उभी होते. सावली या गावातलं आमचं घर अगदी कडेला आहे आणि दारामागून लगेच बांध्या सुरू होतात, म्हणजे धानाची शेतं. कापणी उरकली होती. खुंटांवर दव होतं आणि त्यांच्या मधून लाखोळीच्या डाळीची कोवळी पानं वर आली होती. ओल्या तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा वास, वाळत चाललेल्या चिखलाचा वास, आणि कुणीतरी लांब शेकोटी पेटवली होती तिचा. हे तिन्ही एकत्र आले की माझं कामातलं लक्ष उडतं. दुधाकडे बघायला हवं हे माहीत असतं, पण पाय दारातच राहतात. मग दूध उतू जातं.

या वासांबरोबर मला दरवेळी एकच हिवाळा आठवतो. मास्तरांची एकच सहल खरोखर घडली, तो हिवाळा. त्या वर्षी बाबा आमच्याकडे होते.

बाबा माझे वडील. आम्ही मूळचे नदीवरचे लोक. वैनगंगेच्या काठी घर, नदीत जाळी, गावच्या तळ्यात शिंगाडे, आणि पोटापुरती बांधी. बाबांनी ऐंशी ओलांडली होती आणि छातीत कफ घर करून बसला होता, म्हणून मी त्यांना सावलीला आणलं होतं. अंगणात खाटेवर उन्हात बसायचे. बसून फार काही करायचे नाहीत, पण हात रिकामे राहायचे नाहीत, बोटं आपली जाळ्याची गाठ मारल्यासारखी हलत असायची. त्यांच्या मनात त्या हिवाळ्यात एकच गोष्ट होती. त्यांना त्यांच्या बहिणीला घरी आणायचं होतं.

बहीण म्हणजे माझी पारू आत्या. तिला दिली प्राणहिता नदीपलीकडे. तेव्हा पलीकडे आंध्र होतं, आता तेलंगण आहे. आत्या जागची हलली नाही, राज्यच तिच्या घरावरून बदलत गेलं. तिचा नवरा टाळेबंदीच्या दिवसांत वारला. रस्ते बंद, नावा बंद, सरहद्द बंद. नदीच्या अलीकडे अहेरीला पोचलो असतो तरी पुढे कुणी सोडलं नसतं. बाबांना मयतीला जाता आलं नाही आणि त्यानंतरच्या विधीलाही नाही, आणि खरं दुखणं त्या विधीचं होतं.

आमच्या घराण्यात अशी रीत आहे की बाईचा नवरा गेला, की तिचा भाऊ माहेरचं लुगडं घेऊन जातो. ते तिच्या अंगावर घालतो, तिला हाताला धरून उंबऱ्याबाहेर काढतो आणि चार दिवस माहेरी नेतो. भाऊ येईपर्यंत ती बाई घराबाहेर पडत नाही. बाजारात जात नाही, लग्नाकार्यात जात नाही. एरवी भाऊ तेराव्यालाच येतो, त्यामुळे ही रीत कुणाला जाचत नाही. इथे तर धानाचं एक पीक आलं, दुसरंही आलं. आधी सरहद्द आडवी आली, मग बाबांचं आजारपण, मग पावसाळा. आणि आत्या तिकडे बसून.

"माही बहीण घरात बसून आहे," बाबा म्हणायचे. "मी जित्ता आहो, अन ती बसून आहे."

हे वाक्य त्या हिवाळ्यात मी किती वेळा ऐकलं असेल! भाकरी करताना ऐकलं, कपडे वाळत घालताना ऐकलं. फोनवर आत्याला बाबा विचारायचे, "कुठी आहेस वं?" तिकडून आवाज यायचा, "घरीच आहो दादा, अन कुठी जाईन?" फोन ठेवल्यावर बाबा बराच वेळ बोलायचे नाहीत. मलाही अंधाऱ्या खोलीत बसलेली आत्या दिसायची. खरं तर मी तिचं घर पाहिलंही नव्हतं. पण बाबांच्या गप्प बसण्यातून ते घर मला पाठ झालं होतं.

मास्तरांच्या कानावर हे पडलं आणि त्यांना नवं कोलीत मिळालं. आत्याकडे जायचंच आहे, तर तिथून पुढे कालेश्वर काही लांब नाही. कालेश्वरला गेलं, की पुलावरून सिरोंचा. सिरोंचाहून आलापल्लीच्या जंगलातून वर. दोन राज्यं, दोन पूल, नद्यांचा संगम. मास्तरांचं बोट नकाशावरून असं काही धावलं, की वाटी कलंडली. सावली, गडचिरोली, चामोर्शी, आष्टी, आलापल्ली, अहेरी. गावांची नावं त्यांच्या तोंडून ऐकायला मला आवडतं. शाळेत मुलांना शिकवताना म्हणत असतील तसे ते प्रत्येक नावावर थोडं थांबतात, त्या गावात कुणी ओळखीचं राहत असल्यासारखं.

"अहेरीच्या पुढे पूल," मास्तर म्हणाले. "पूल ओलांडला की मामाजी, तुमची बहीण."

बाबा खाटेवरून म्हणाले, "पुलावरून नाई."

"म्हणजे?"

"मी तिले डोंग्यातून दिली, जावईबापू. डोंग्यातूनच आणीन."

"अहो, पण गाडी डोंग्यात कशी चढेल?"

"गाडी जाऊ द्या ना पुलावरून. मी पाण्यातून येतो."

मला वाटलं, आता मास्तर वैतागतील. पण त्यांचा चेहरा उजळला. आजवरच्या त्यांच्या एकाही सहलीत नाव नव्हती. रेल्वे होती, घाट होते, बर्फ होता, नाव कधीच नव्हती. त्यांनी चष्मा खाली ओढला आणि नकाशात नदीवर वाकले. जुन्या नकाशात तिथे एक तुटक रेघ होती, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत. "ही बघ," मला म्हणाले, "ही नावेची खूण. वर्षानुवर्षं पोरांकडून काढून घेतली, अन मी स्वतः कधी हिच्यावरून गेलो नाही." त्याच नदीच्या मधोमध दुसरी एक रेघ होती, ठिपके आणि डॅश, ठिपके आणि डॅश. ती राज्याची सरहद्द. दोन्ही रेघा पाण्यात एकमेकींना छेदत होत्या. मी पुष्कळ वेळ तिथेच बघत राहिले. खऱ्या पाण्यात त्या जागी काय असेल, असं मनात येत होतं.

आत्याचं गाव नकाशात नव्हतं. बाबांनी विचारलं, "माही पारू कुठी आहे यात?" मास्तरांनी अंदाजाने बोट ठेवलं आणि खूण म्हणून अंगणात सांडलेला धानाचा एक दाणा उचलून तिथे ठेवला. नंतरचे कितीतरी दिवस तो नकाशा पसरलेलाच होता. वारा यायचा, चिमणी यायची, झाडताना माझा पदर लागायचा. रोज सकाळी आत्याचं गाव थोडं सरकलेलं असायचं. कधी जंगलात शिरायचं, कधी नदीत पडायचं. बाबा खाटेवरून उठून येत, वाकत, आणि बोटाच्या टोकाने गाव पुन्हा काठावर आणून ठेवत.

बाबा जाऊन आता दोन पावसाळे झाले. पण दाणा सरकवणारं ते बोट मला अजून लख्ख दिसतं. पाण्यात राहून राहून त्याच्या टोकाची कातडी सुरकुतून पांढरी पडली होती, आणि सावलीत राहायला आल्यावरही ती पूर्ववत झाली नाही.

योजना पक्की होत होती तसा घरात दोन जाणकारांचा तंटा सुरू झाला. एकाला नकाशाची खात्री, दुसऱ्याला पाण्याची. मास्तर सांगत, नदी इथे एवढी रुंद, डोंग्याला पलीकडे जायला अमुक वेळ लागणार. बाबा सांगत, नकाशाले काय कळते? त्यांचा हिशेब वेगळा होता. चार-आठ दिवसांनी मी त्यांना ऑटोत घालून माझ्या माहेरच्या गावच्या घाटावर न्यायची. वैनगंगेच्या काठाला त्यांनी एक बांबू रोवून ठेवला होता. त्यावर पाणी कुठवर आहे ते बघायचे.

"इथचं पाणी तिथीच जाते," ते सांगायचे. "चपराळ्याले वर्धा येऊन भेटते, तिथून हिचं नाव प्राणहिता. नाव बदललं, पाणी तेच. इथी कमरेएवढं असलं, की पारूच्या घाटावर पुरुषभर."

मी ऐकत असायची. नाव बदललं, पाणी तेच, हे ते नदीबद्दल बोलत होते, पण लग्न होऊन सासरी गेलेल्या कुणाही बाईला ते आपल्याबद्दल वाटलं असतं. धुकं विरत असायचं. नदीवर वाफ धरलेली, आणि पलीकडच्या काठावरची झाडं अर्धीच. कुणीतरी जाळं टाकल्याचा आवाज यायचा, माणूस दिसायचा नाही. अशा वेळी बाबा आत्याच्या लग्नाचं सांगायला लागायचे.

माझे आजोबा हिवाळ्यात डोंगा घेऊन नदीनं खाली जायचे. रेतीवर मुक्काम, जाळी, मरळ आणि झिंगे, सुकवायचे आणि विकायचे. असे उतरत उतरत प्राणहितेपर्यंत गेले आणि तिथल्या एका मासेमाराशी त्यांची दोस्ती जमली. हा तेलुगू बोलायचा, ते झाडीपट्टीतलं मराठी. दोघांना एकमेकांचं सगळं कळायचं. त्या दोस्तीतून पारू आत्याचं लग्न ठरलं. दोन डोंगे बाजूबाजूला बांधले, वर पाट्या टाकल्या, आणि हळदीच्या अंगानं आत्याला त्यावर बसवली. डोंगा बाबांनी नेला. तेव्हा बाबा ऐन तारुण्यात होते.

"रडली का हो आत्या?" मी विचारलं.

"कायची रडते! हात पाण्यात सोडून बसली होती. हळद धुऊन जाईन म्हणून माय ओरडून राह्यली, अन हे आपली पाण्याशी खेळून राह्यली."

मी हे इतक्या वेळा ऐकलं, की आता मला वाटतं मीही त्या डोंग्यात होते. पाण्यावर पिवळी रेघ उमटून मागे राहते आहे, हेही मला दिसतं. बाबांनी ते कधी सांगितलं नव्हतं, ते माझं मीच घातलं असणार.

लुगडं घ्यायला आम्ही गडचिरोलीला गेलो. दुकानदाराने कशासाठी हवंय ते ऐकलं आणि फिकट रंगाचे गठ्ठे खाली काढले. राखाडी, पांढुरकं, बिस्किटी. बाबांनी एकेकाला हात लावला, पोत बघितला, आणि सगळे बाजूला केले. "हिरवं दाखवा," ते म्हणाले. दुकानदार माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, दाखवा. बाबांनी गर्द हिरवं, लाल काठाचं लुगडं निवडलं. रीतीप्रमाणे ते चालणार होतं की नाही, मी विचारलं नाही. रीत सांभाळायला निघालेल्या माणसाने रंग मात्र आपल्या मनाचा घेतला, याचं मला तेव्हा फार बरं वाटलं.

सगळं ठरलं आणि बाबांचा खोकला वाढला. डॉक्टरांनी छाती तपासली आणि सांगितलं, पाण्याजवळ अजिबात जायचं नाही, गार वारा लागता कामा नये, उन्हाळ्यात जा. बाबांनी दवाखान्यात मान डोलावली. बाहेर आल्यावर म्हणाले, "उन्हाळ्यात नदीच राह्यत नाई, डोंगा कायच्यात टाकू? अन पुढच्या हिवाळ्यात मी राह्यलो नाई तं?" मला त्यांच्यावर राग आला. असं काय बोलता, म्हणून मी रस्त्यातच त्यांना रागावले. पण त्या दिवशी मला कळलं, की हा हिवाळा गेला तर ती बहीण बाबांच्या मनात कायमची बसूनच राहील. रात्री मी मास्तरांना सांगितलं, नकाशा बंद करा, तारीख धरा. मास्तर एकदम बावरले. योजना प्रत्यक्षात आणायची सवय नव्हती ना!

निघालो त्या सकाळी गाडीची स्टेपनी बघून झाली, विम्याचे आणि प्रदूषणाचे कागद बघून झाले, पुन्हा एकदा बघून झाले. दुसऱ्या राज्यात शिरायचं म्हणून मास्तरांनी लग्नाला जातात तसे इस्त्रीचे कपडे घातले होते. कालेश्वरला खोली सांगून ठेवली होती. मी तांदळाच्या भाकरी, ठेचा आणि सुकलेल्या झिंग्यांची चटणी बांधून घेतली. बाबांना स्वेटरवर स्वेटर चढवले, कानाला मफलर गुंडाळला. मधे मावळत्या चंद्रासारखं तोंड तेवढं उरलं.

त्या रस्त्याचं मला सलग काही आठवत नाही, तुकडे आठवतात. चामोर्शीच्या अलीकडे एका बाईने रस्त्यावर धान वाळत घातलं होतं, ते चुकवायला मास्तरांनी गाडी पार मातीत उतरवली. गडचिरोलीच्या अलीकडे वैनगंगेच्या पुलावर बाबांनी काच खाली करायला लावली आणि खालच्या पाण्याकडे बघून मान हलवली, हिशेब बरोबर असल्यासारखी. आलापल्लीकडे सागवान सुरू झालं. मोठाली वाळकी पानं गाडीखाली करकरत होती, उन्हाचे पट्टे बाबांच्या तोंडावरून सरकत होते आणि ते झोपले होते. मास्तर हळू आवाजात मला सांगत होते, आता आपण इतके दक्षिणेला आलो. मला वाटत होतं, हा रस्ता असाच चालत राहावा. बहीण पुढे आहे आणि भाऊ निघालेला आहे, एवढंच असावं. पोचणं नकोच.

नदीकाठी आलो तेव्हा माझ्या फोनवर तेलुगूत निरोप वाजला. आम्ही अजून अलीकडेच होतो, फोन पलीकडे गेला होता.

पूल झाल्यापासून तिथली नाव बंदच होती. आत्याच्या सासरच्या नात्यातला लच्चन्ना नावाचा कोळी मासे धरायचा डोंगा घेऊन येणार होता. मास्तरांनी आम्हा दोघांना घाटावर उतरवलं. गाडी घेऊन ते पुलावरून वळसा घालून पलीकडच्या घाटावर येणार होते. निघताना त्यांनी मला तीन वेळा सांगितलं, पलीकडेच थांब, कुठे जाऊ नको. जसं काही नदीच्या मधून मी बाजारात जाणार होते.

लच्चन्ना डोंग्याला टेकून उभा होता. त्याने बाबांना हात जोडले आणि नदीकडे बोट केलं. "नीळ्ळु लेवु, अन्ना," तो म्हणाला. मग माझं तोंड बघून मराठीत सांगितलं, "पानी नाई. वरून कमी झाला."

बाबा काठावर जाऊन उभे राहिले. समोर प्राणहिता होती, पण तिच्यात निम्मी रेतीच होती. आमच्या बाजूने पाण्याचा एक पट्टा, मग मधे लांबच लांब रेतीचं बेट, मग पलीकडे आणखी एक बारीक धार. पुरुषभर पाण्याचा पत्ता नव्हता. वर कुठे पाणी अडवलं होतं की आणखी काय, कोण जाणे. बाबांचा बांबू तिकडे वैनगंगेत उभा होता आणि त्याचा इथल्या पाण्याशी काही संबंध राहिला नव्हता. मास्तरांची तुटक रेघही चुकली होती. घरातले दोन्ही जाणकार एकदमच तोंडघशी पडले. बाबा इतके ओशाळले, की मी दुसरीकडे बघितलं.

"या धारेतून डोंगा जाते," लच्चन्ना म्हणाला. "रेतीपर्यंत. पुढं गुडघ्याएवढा पानी. पायानं जावा लागते."

गुडघ्याएवढं गार पाणी आणि ती छाती. मी म्हटलं, बाबा, मास्तरांना फोन करते, पुलावरून जाऊ. बाबांनी ऐकलंच नाही. ते डोंग्यात जाऊन बसले होते.

त्या पाण्यावर आम्ही किती वेळ होतो? फार नसेल. पण अजूनही झोप लागण्याच्या आधी कधीतरी मी तिथे असते. लच्चन्ना बांबू टोचून डोंगा पुढे लोटत होता आणि बांबू वर आला, की त्यावरून पाणी ठिबकायचं. तळाची रेती दिसत होती, तिच्यावर बारीक मासे आणि त्यांच्या सावल्या. वर लांब धुक्यात पूल. पुलावरून पांढरी गाडी गेली की मी हात हलवायची, मग दुसरी पांढरी गाडी जायची. बाबा आणि लच्चन्ना तेलुगूत बोलायला लागले. बाबांना तेलुगू येतं हे मला तोवर माहीत नव्हतं. मला त्यातला एक शब्द कळत नव्हता, पण बाबांचा आवाज तरण्या माणसाचा झाला होता. कुठेतरी त्या पाण्यात सरहद्द होती. मी खाली बघत होते, पण ठिपके आणि डॅश काही दिसले नाहीत.

रेतीला डोंगा लागला. बाबा उतरले, मफलर सोडला, आणि पलीकडच्या काठाकडे बघत उभे राहिले. तिकडे मास्तर आधीच पोचले होते, पँट वर करून उभे होते आणि दोन्ही हात हलवत होते. त्यांच्या शेजारून एक बाई पाण्यात उतरली. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, बगलेत बोचकं. ती थांबली नाही, चाचपडली नाही. रोजच्या वाटेने यावं तशी ती धार ओलांडून रेतीवर आली.

"दादा," ती म्हणाली.

बाबा दोन पावलं पुढे झाले. त्यांनी पिशवीतून लुगडं काढलं, घडी सोडताना ते वाऱ्यावर उडायला लागलं, म्हणून दुसरं टोक मी धरलं. ते हिरवं लुगडं त्यांनी आत्याच्या खांद्यावरून घातलं. उंबरा तिथे नव्हता, चारी बाजूंनी नुसती रेती होती. बाबांनी तिचा हात धरला आणि ते रडायला लागले.

"किती बसलीस वं घरात," ते म्हणाले. "माह्यापायी. किती दिवस बसून राह्यलीस."

आत्या त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिच्या डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या पडल्या आणि मला कळलं, ती हसते आहे.

"कोन बसली घरात?" ती म्हणाली. "सुतक फिटलं अन मी टोपली घेऊन बाजारात गेली. मले पोट नाई का? पूल आहे ना तो, त्याच्यावरून दर आठवड्याले अहेरीच्या बाजारात जाते मी. झिंगे विकते. तुह्याच बाजूले येऊन जाते."

वाऱ्याने लुगड्याचा काठ हलत होता. बाबांच्या तोंडावर आधी काहीच उमटलं नाही. अंधारी खोली, बसलेली बहीण, दोन पिकं उराशी बाळगलेलं ते दुखणं, हे सगळं त्यांना तिथल्या तिथे खाली ठेवायचं होतं आणि ते कुठे ठेवावं हे कळत नव्हतं. मला हसूही येत होतं आणि रडूही.

"मंग फोनवर काऊन नाई सांगतलीस?" बाबा म्हणाले. "घरीच आहो, घरीच आहो, म्हणून राह्यलीस ते?"

"सांगतली असती," आत्या म्हणाली, "तं तू आला असता काय?"

बाबांनी मफलरच्या टोकाने डोळे पुसले. पलीकडून मास्तर ओरडून विचारत होते, काय झालं, पाणी खोल आहे का? मी त्यांना ओरडून सांगितलं, पुलावरून परत या, आपण घरी चाललो आहोत. कालेश्वरची खोली तिथेच राहिली.

आत्याने बोचकं डोंग्यात टाकलं आणि लुगड्याचा काठ सावरत आधी ती चढली. लच्चन्ना पुढे झाला होता, पण तिने त्याला मागे सारलं. मग वळून, वाकून, बाबांना वर घ्यायला तिने हात दिला.